नव्या मोटारी आणि मालकाची खाजगी माहिती
(करमाळा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



नवी मोटार घेतली की आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे ती प्रथम कमलादेवीच्या दर्शनास नेतात. हल्लीच्या कित्येक मोटारी तो प्रवासही टिपून ठेवतात, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही. गाडीतील सिमकार्डाच्या द्वारे तिचे ठिकाण, वेग, ब्रेक किती जोराने दाबला, हे सारे कंपनीकडे जाऊ शकते. मोबाइल जोडला म्हणजे त्यातील नावे व क्रमांकही गाडीत उतरतात. अनुमती आपणच दिलेली असते. पेढे वाटण्याच्या गडबडीत पडद्यावर बोट टेकले की झाले!

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जनरल मोटर्सवर आरोप ठेवला की, दर तीन सेकंदांस टिपलेले ठिकाण आणि वाहन हाकण्याच्या सवयी तिने पुरेशा संमतीवाचून गोळा करून विकल्या, आणि विम्याचे दर ठरविण्यासाठी त्यांचा उपयोग झाला.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याची मुख्य कलमे लागू होण्यास नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. त्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे खरा, परंतु तो सरकारी तिजोरीत जावयाचा. ज्याचे नुकसान झाले त्यास पैही नाही! तक्रार आधी कंपनीकडे, मग मंडळाकडे; त्या बाबींत दिवाणी न्यायालयाचे दार बंद. उलट तक्रार खोटी वा पोकळ ठरल्यास तक्रारदारासच दहा हजारांपर्यंत दंड. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाने भरपाईची जी थोडी सोय केली होती, तीही हा कायदा काढून घेतो. आमच्या मते हा ग्राहकावर अन्यायच आहे.

राहता राहिला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधारावाचून दुसऱ्यास देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि दोन वर्षांच्या आत सोलापूरच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. अडचण पुराव्याची. काय दिले, कोणास दिले, याची नोंद कंपनीच्याच दप्तरी!

म्हणून जुनी गाडी विकताना तरी तीतील नावे पुसून टाकावी व आपले खाते बंद करावे. घेणाऱ्यानेही पहिल्या मालकाचे खाते बंद झाल्याची खात्री करावी. नाहीतर गाडी कोठे उभी आहे, हे त्यास घरबसल्या दिसत राहील.