नानांच्या चेहऱ्याची नक्कल

(अमृतराव घाटावरील गणेशोत्सवात केलेले भाषण)



निवृत्तीनंतर मी तैलरंग हाती घेतले ते वडिलांचे व्यक्तिचित्र करण्यासाठी. त्यांचा एकच पासपोर्ट फोटो घरात होता. दोन प्रयत्न झाले, पण आईनेही त्यांना ओळखले नाही. 'आधी जुन्या चित्राची नक्कल करा,' असे शिक्षक म्हणाले तेव्हा मला रागच आला. साठीनंतर नक्कल कसली करायची?

या घाटाला ज्यांचे नाव आहे ते अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र. त्यांच्याच काळातले चित्र मी निवडले. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ साली सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवले. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पुस्तकातल्या छापील प्रतीवरून मी फक्त नाना घेतले, तेही खांद्यापर्यंत.

चौकटी आखून रेखाटन केले. मग टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट अंबर सगळीकडे फासला आणि उजेडाच्या जागा चिंधीने पुसून काढल्या. डोळे किलकिले करून पाहायचे, म्हणजे बारकावे विरतात आणि उजेड-सावली तेवढी उरते. पांढरे वस्त्र मी सरळ पांढऱ्याने रंगवले आणि फसलो. सावलीतला पांढरा चांगलाच करडा असतो. काळा रंगही शिक्षकांनी काढून घेतला. अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळून गडद करायचे. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, नाहीतर पुढे भेगा पडतात. शिवाय काशीचा पावसाळा! एकेक थर वाळायला आठवडा लागे.

एक मात्र सांगतो. छापील प्रतीवरून उजेड-सावली शिकता येते, त्वचेचा रंग नाही. छपाईत तो बदलतो, आणि रंगाचा जाड-पातळपणा तर दिसतच नाही.

नाना कसेबसे साधले, तेव्हा वडिलांच्या फोटोतली अडचण कळली. फ्लॅश समोरून पडलेला, त्यामुळे चेहऱ्यावर सावलीच नव्हती. नाक किती उंच, गाल किती खोल, काही कळायला मार्ग नाही. शेवटी धाकट्या काकांना विनवले. हाडापेराने ते वडिलांसारखेच. वडिलांची काळी टोपी घालून ते रोज सकाळी तासभर गंगेकडच्या खिडकीत बसत. फोटो डावीकडे, काका समोर.

सव्वा महिन्याने काका उठून कॅनव्हासपाशी आले. बराच वेळ पाहत राहिले. मग टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "दादा इतका थकला होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही रे."