धातूची निवड, घडीच्या जागेवर

रक्तातल्या हिमोग्लोबिनला लोह लागते, तर कार्बन डायऑक्साइड विरघळवून वाहून नेण्यास मदत करणाऱ्या कार्बोनिक अनहायड्रेजला जस्त. पण पेशीत इतके धातू असताना प्रत्येक प्रथिनाला नेमका त्याचाच धातू कसा मिळतो?

खरी अडचण तांब्याची. अर्व्हिंग आणि विल्यम्स या रसायनशास्त्रज्ञांनी धातूंच्या बंधांच्या बळकटीचा जो क्रम मांडला, त्यात मँगनीज तळाशी आणि तांबे सर्वांत वर आहे. संधी मिळताच तांबे मँगनीजची जागा बळकावते.

सिनेकोसिस्टिस या निळ्या-हिरव्या जिवाणूने यावर काढलेली तोड थक्क करणारी आहे. त्याच्याकडे दोन प्रथिने आहेत, एमएनसीए आणि सीयूसीए. पहिल्यात मँगनीज, दुसऱ्यात तांबे. धातू धरणारा कप्पा मात्र दोन्हींत सारखाच! नायजेल रॉबिन्सन यांच्या गटाने 2008 मध्ये 'नेचर'मध्ये याचा उलगडा केला. फरक आहे प्रथिनाच्या साखळीची घडी कुठे पडते त्यात. सीयूसीएची घडी आतल्या पटलाबाहेर पडते, एमएनसीएची पेशीच्या आत, जिथे मोकळे तांबे जवळजवळ नसतेच. घडी पडली की मँगनीज आत बंदिस्त होते आणि मगच प्रथिन बाहेर पाठवले जाते. परीक्षानळीत हेच साधायला मँगनीज तांब्याच्या निदान 10,000 पट लागले.

काही प्रथिने मात्र स्वतःच कमालीची चोखंदळ असतात. 2018 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी वर्णन केलेले लॅनमोड्युलिन कॅल्शियमपेक्षा दुर्मीळ मृदा धातूंना सुमारे 10 कोटी पट पसंती देते. हे धातू वेगळे काढण्यासाठी त्याच्या वापरावर आता संशोधन सुरू आहे.