गोष्ट ऐकू नका, कट्यार पाहा

'कट्यार काळजात घुसली' हे नाव ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं आणि कट्यार हा शब्द घरोघरी पोहोचला. शब्द पोहोचला, पण वस्तू मात्र फार थोड्यांनी हातात धरलेली असते. म्हणूनच जुन्या बाजारात कुणी लाल मखमलीतून एखादी कट्यार काढून समोर धरली, की आपलं काळीज आधी पुढे धावतं, डोळे मागून येतात.

माझं तसंच झालं होतं. १९७९ सालची गोष्ट. मी एका कारखान्यात फिटर होतो. एका आठवडी बाजारात एका विक्रेत्याने कट्यार दाखवली आणि सांगितलं, "साहेब, पानिपतावरून परत आलेली आहे. घराणं बुडालं म्हणून विकायला निघाली." किंमत बाराशे रुपये, म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. घरात पत्नीच्या बाळंतपणासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. तेच मी उचलले. पुढे दवाखान्यासाठी सोसायटीचं कर्ज काढावं लागलं. पत्नी एक शब्दही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

सहा-सात महिन्यांनी एका रविवारी ती कट्यार उन्हात पुसत बसलो होतो. मूठ आणि पातं जिथे जुळतात तिथे, काळ्या रंगाच्या पुटाखाली, मला एक ओळखीची रेघ दिसली. विजेच्या वेल्डिंगची! वेल्डिंग हा माझा रोजचा धंदा. आणि तेच मला बाजारात दिसलं नव्हतं. कारण त्या दिवशी मी वस्तू पाहत नव्हतो, गोष्ट ऐकत होतो.

तेव्हापासून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. विकणारा बोलत असला तर बोलू द्यावं, आपण मनात चार प्रश्न क्रमाने विचारावेत. ते चार प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : ही वस्तू जुनी आहे का?

कट्यारीची रचना आधी ध्यानात घेऊ. दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दांड्या. त्या दांड्या मुठीत धरायच्या, म्हणजे पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि पातं बोटांच्या पेरांपुढे सरळ निघतं. ठोसा मारतो तसा वार करायचा. पुष्कळ लढाऊ कट्यारींचं पातं अणीजवळ मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, ते साखळ्यांच्या चिलखतातून घुसावं म्हणून. आज भिंतीवर लावायला केलेल्या कट्यारीत पातं बहुधा पत्र्यासारखं सपाट कापलेलं असतं. चिमटीत धरून बुडापासून अणीपर्यंत बोटं नुसती फिरवली तरी फरक कळतो. धार सांभाळून, हे सांगायला नकोच.

मग गंज पाहा. जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट, पोलादाला चिकटून बसलेला असतो. त्याचे खड्डे कुठे खोल, कुठे उथळ, कुठे अजिबात नाहीत असे असतात. नवा गंज नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा. आम्ल लावून किंवा ओल्या मातीत पुरून आणलेलं 'म्हातारपण' बहुतेक वेळा सगळीकडे सारखंच पसरलेलं दिसतं. खऱ्या वयाला मात्र आवडनिवड असते. हात जिथे लागतो तिथे झीज जास्त, म्हणजे आडव्या दांड्यांच्या मध्यावर. कोपऱ्यात, सांध्यात, नक्षीच्या खाचेत झीज कमी आणि मळ जास्त. मधला भाग कोरा करकरीत आणि हात न पोहोचणारा कोपरा मात्र झिजलेला असला, तर ती झीज हाताची नाही, कानशीची आहे.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. ते खिशात ठेवा. ग्राइंडरच्या रेघा एकसारख्या, समांतर दिसतात. पण इथे घाई नको. अस्सल जुनी कट्यारसुद्धा नंतर कुणी चाकावर चकचकीत केलेली असू शकते. एका खुणेवर निकाल देऊ नये, चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात का ते पाहावं. लोहचुंबकाची परीक्षाही अशीच अपुरी आहे. लोह आहे एवढंच तो सांगतो, लोह कधीचं ते सांगत नाही. पण पातं न गंजणाऱ्या पोलादाचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं निघालं, तर पुढे बोलायचं कारण नाही. ते पोलाद विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. पानिपत झालं १७६१ साली.

सोन्याच्या नक्षीला फार लोक भुलतात. कोफ्तगिरीत पोलादावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी खरवडतात आणि सोन्याची तार त्या जाळीत ठोकून बसवतात. सोनं झिजलेल्या जागी भिंगातून ती जाळी दिसते. जाळी नसेल, तर तो मुलामा आहे किंवा सोनेरी रंग. आणि जाळी दिसली म्हणजे काम जुनंच, असंही नाही. उदयपूरचे कारागीर आजही उत्तम कोफ्तगिरी करतात. जाळी पद्धत सांगते, वय नाही.

तीच गोष्ट 'जौहर'दार पात्याची. मुशीत तयार झालेल्या जुन्या पोलादात पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. ती धातूच्या अंगातच असते. हल्ली वेगवेगळ्या पोलादांचे थर ठोकून केलेली नक्षी किंवा नुसती आम्लाने वर काढलेली नक्षी त्याच नावाने विकतात. बाजारात उभं राहून हा निवाडा करायला जाऊ नका, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर आम्लाचा थेंबही टाकू नका. तिथे जाणकारच हवा.

दुसरा प्रश्न : सगळी वस्तू एकाच वयाची आहे का?

यात नवशिके हमखास फसतात, दोन्ही बाजूंनी. पातं एका जागचं आणि मूठ दुसऱ्या जागची दिसली, की 'बनावट' म्हणून मोकळे होतात. पण आपल्याकडे मोडक्या युरोपीय तलवारीचं पातं कापून कट्यारीला बसवण्याची रीतच होती. फिरंगी पोलादाला मान होता. तंजावरच्या शस्त्रागारातल्या अनेक कट्यारींची पाती युरोपीय आहेत. हातावर झडप यावी तशी पोलादाची ढाल त्यांच्या मुठीला असते. त्यामुळे जोड आहे का, एवढं विचारून भागत नाही. जोड कधीची, हे विचारायला हवं. जुना जोड खिळ्यांचा किंवा पितळेच्या झाळीचा असतो. फटीत पिवळसर रेघ दिसते आणि तिच्यावरही तेवढंच वय चढलेलं असतं. यंत्रावर कापलेल्या आट्यांचा स्क्रू किंवा वेल्डिंगची रेघ दिसली, तर तो जोड अलीकडचा.

म्यान वेगळं तपासा. मखमल दर पिढीला बदलली जाते, ती नवी असली तर बिघडत नाही. पण नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा त्यावर धरून पाहा. आजकालच्या कपड्यात आणि दोऱ्यात उजळपणासाठी घातलेली रसायनं निळसर चमकतात. 'अडीचशे वर्षांत कुणी हात लावला नाही' असं सांगितलेलं म्यान असं चमकलं, तर काय समजायचं ते तुम्ही समजा.

तिसरा प्रश्न : ती लढाऊ आहे का, आणि सांगितलेली गोष्ट खरी का?

जुनी म्हणजे लढाईतली, असं नव्हे. १८५७ नंतर हत्यारं बाळगण्यावर बंधनं आली, तेव्हा सियालकोट आणि पंजाबातल्या गुजरात गावचे कोफ्तगर तबकं, पेट्या, शोभेची शस्त्रं करू लागले. मूठ दाबली की कात्रीसारखी उघडणारी कट्यार दाखवून 'शत्रूच्या पोटात उघडायची' असं सांगतात. अशा कट्यारी बहुतेक एकोणिसाव्या शतकात हुन्नर दाखवायला केलेल्या. त्या खऱ्या जुन्या आहेत, मोलाच्याही आहेत. लढाऊ मात्र नाहीत.

आता गोष्टीचं पाहू. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून एक वाघनख साताऱ्याच्या संग्रहालयात आलं. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे ते आलं आणि त्याच्या वंशजांकडून संग्रहालयाला मिळालं. सोबतच्या पेटीवरचा मजकूर सांगतो की शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारलं ते हेच. पण अफझलखान मोगलांचा नव्हता, तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. आणि प्रतापगडावर वापरलं गेलं ते हेच, याची खातरी करता आलेली नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. इतक्या मोठ्या संस्थेला असं म्हणायला संकोच वाटत नाही, मग बाजारातला विक्रेता पानिपत कशावरून सांगतो, हे विचारायला आपण का लाजावं?

कोरलेल्या अक्षरांचंही तसंच. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या अनेक हत्यारांवर ठिपके ठोकून लिहिलेला मजकूर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतल्या अदोनीच्या मोहिमेतून आलेली हत्यारं त्यावरून ओळखतात. अशा मजकुराने किंमत वाढते, आणि किंमत वाढते म्हणूनच नवे ठिपके ठोकले जातात. ठिपक्याच्या आतला रंग आजूबाजूच्या पोलादासारखा काळवंडलेला आहे, की आत ताजी चकाकी आहे, हे भिंगातून पाहा.

चौथा प्रश्न : ती विकायचा हक्क त्याला आहे का?

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा नाही. गंमत अशी, की नवी नक्कल नेतानाही 'ही पुरावस्तू नाही' असा पुरातत्त्व खात्याचा दाखला जवळ असलेला बरा. शिवाय नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र कायद्याच्या यादीत येतं. आपल्या भागात काय नियम आहे, हे पोलीस ठाण्यात आधी विचारा. आणि पावती घ्याच. तिच्यावर काळ, दुरुस्त्या आणि वस्तू कुठून आली हे लिहून मागा. तोंडाने अडीचशे वर्षं सांगणारा माणूस पावतीवर नुसतं 'शोभेची वस्तू' लिहितो, तेव्हा उत्तर मिळालेलं असतं.

शेवटी एक अनुभव सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून बोलावणं आलं. विहिरीच्या कामासाठी पैसे हवे होते, म्हणून मुलगा घरातली कट्यार विकायला निघाला होता. ती मला घ्यायचीच होती. कट्यार खंडेनवमीला पुजली जायची. पातं फिरंगी, जोड जुना, झाळ पितळेची. मुठीच्या सांध्यात हळदकुंकवाचे आणि तेलाचे थर दगडासारखे घट्ट बसलेले. म्हातारे आबा म्हणाले, "आमचे पूर्वज पानिपताहून घेऊन आले." मी म्हटलं, "आबा, वस्तू जुनी आहे, अस्सल आहे. पण पानिपताचा पुरावा हिच्या अंगावर नाही. मी किंमत देईन ती कट्यारीची, पानिपताची देता येणार नाही." मुलाचा चेहरा उतरला. पानिपतासकट तिप्पट देणारा एक जण त्याला भेटला होता.

आबांनी विचारलं, "मग आमची पूजा खोटी का हो?"

मी म्हटलं, "पूजेचाच तर पुरावा आहे, आबा. ती पिढ्यान्‌पिढ्या या घरात आहे, एवढं मी लिहून देतो. फक्त ते कुंकू कुणाला घासून काढू देऊ नका."

आबांनी कट्यार उचलली आणि देवघरात परत ठेवली. मी रिकाम्या हाताने परतलो. विहिरीचं पुढे काय झालं, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

ती वेल्डिंगवाली कट्यार अजून माझ्याकडे आहे. कुणी पहिली कट्यार घ्यायला निघाला आणि सल्ला विचारायला आला, की तीच आधी त्याच्या हातात देतो आणि गप्प बसतो. विकायला कितीदा तरी गिऱ्हाईक आलं. विकली नाही. विकायची, तर मलाही एखादी गोष्ट सांगावी लागली असती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)