आधी हवा-उजेड, मग सजावट

मीरा-भाईंदरमध्ये नवं घर घेतलंय?
की जुन्याच घराचं रूप पालटायचंय?
मग एवढं लक्षात ठेवा…
आधी हवा-उजेड, मग सजावट.

आपल्या शहराच्या उत्तरेला वसईची खाडी.
पश्चिमेला उत्तनचा समुद्र.
जवळच मिठागरं.
म्हणून इथली हवा दमट आणि खारी.

या हवेत साधं लोखंड लवकर गंजतं.
पार्टिकल बोर्डाला पाणी लागलं, की तो फुगतो.
म्हणून ओट्याखाली मरीन प्लाय वापरा.
बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या.
कपाट भिंतीला चिकटवू नका.
मागे थोडी फट ठेवा… हवा खेळू द्या.

भिंतीला ओल आहे?
वॉलपेपरनं ती फक्त झाकली जाते, नाहीशी होत नाही.
आधी गळती बंद करा.
भिंत पूर्ण वाळू द्या.
मगच रंग लावा.

आता जागेचं बघू.
वन बीएचकेमध्ये भिंतीला लावलेलं घडीचं टेबल घ्या.
पलंगाखाली खण करून घ्या.
रंग फिकट निवडा, खोली मोकळी वाटते.
खिडकीपुढे उंच कपाट मात्र नको.

आणि एक महत्त्वाचं…
खांब आणि तुळई यांना हात लावू नका.
भिंत काढायची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.
सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी घ्या.

तेव्हा श्रोतेहो, पुन्हा सांगतो…
आधी हवा-उजेड, मग सजावट.
सुताराला बोलावण्याआधी घराच्या सगळ्या खिडक्या एकदा उघडून बघा.