स्प्राइटली म्हणजे टुणटुणीत!

आज एकच इंग्रजी शब्द घेऊया : स्प्राइटली. स्पेलिंग आधी सांगतो. एस, पी, आर, आय, जी, एच, टी, एल, वाय. मधला जीएच सायलेंट, 'नाइट' किंवा 'लाइट'मध्ये असतो तसाच.

हा शब्द मी एकदा चांगलाच चुकवलाय, म्हणून आज निवडला.

आमच्या टीम लीड नवीन जॉब शोधत होत्या. वय साधारण 45. मला म्हणाल्या, "लिंक्डइनवर माझ्यासाठी दोन ओळी लिहिशील का?" मी लगेच हो म्हटलं. एनर्जेटिक सगळेच लिहितात, म्हणून मोबाइलवर समानार्थी शब्द शोधले. स्प्राइटली दिसला, भारी वाटला, टाकून दिला. संध्याकाळी त्यांचा फोन. "अरे, मी काय रिटायर होतेय का?" हसत म्हणाल्या, पण पुढचं वाक्य हसण्यासारखं नव्हतं. "इंटरव्ह्यूमध्ये आधीच माझं वय बघतात रे."

मग मी डिक्शनरी उघडली. केंब्रिजच्या डिक्शनरीत अर्थाआधीच सांगितलंय, हा शब्द विशेषतः वयस्कर माणसांसाठी वापरतात. म्हणजे उत्साही, तब्येतीने धडधाकट, पण 'या वयातसुद्धा'. ते 'या वयातसुद्धा' कुठे लिहिलेलं नसतं, ऐकणाऱ्याला मात्र बरोबर ऐकू येतं.

आपल्याकडे याला अगदी फिट बसणारा शब्द आहे, टुणटुणीत. "आजोबा अजून टुणटुणीत आहेत," असं म्हणतो ना आपण? कॉलेजच्या पोराला कोणी टुणटुणीत म्हणत नाही. लहान पोर चुणचुणीत असतं, फूल टवटवीत असतं, चहा घेतला की माणूस तरतरीत होतो. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, कानाने शिकलो. इंग्रजीत तो कान तयार नसतो, म्हणून घोळ होतो.

आता वापराचे तीन मुद्दे.

एक, शेवटी एलवाय असलं तरी हे क्रियाविशेषण नाही, विशेषण आहे. फ्रेंडली, लव्हली यांच्यासारखंच.

दोन, वयाचा इशारा माणसांबद्दल बोलताना येतो. संगीताबद्दल बोलताना नाही. 'अ स्प्राइटली ट्यून' म्हणजे नुसती उडती, आनंदी चाल.

तीन, याचं मूळ 'स्प्राइट' या शब्दात आहे, म्हणजे परी किंवा छोटंसं चपळ भूत. गेम बनवणाऱ्यांना हा शब्द माहीत असेल. स्क्रीनवर इकडेतिकडे पळणाऱ्या टूडी चित्राला स्प्राइटच म्हणतात. तो पळताना आठवा, चपळपणाचा अर्थ विसरणार नाही.

मग ऑफिसमधल्या माणसासाठी काय लिहायचं? व्हिव्हेशस? तो बहुतेक बायकांबद्दलच वापरतात, आणि त्यात बोलक्या, खेळकर स्वभावाचं कौतुक असतं, कामाचं नाही. एनर्जेटिक साधा आहे, पण सेफ आहे.

मी शेवटी विशेषणच काढून टाकलं. लिहिलं, "रात्री दोनला सर्व्हर पडला तरी कॉलवर सगळ्यात आधी मॅडम असायच्या." त्यांचा मेसेज आला, "आता बरोबर आहे."

तर मंडळी, समानार्थी शब्द उचलण्याआधी तो कोणासाठी वापरतात, एवढं बघत चला. आणि तुमच्या घरी कोण टुणटुणीत आहे, ते कॉमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!