तुटणारें ब्रॉडबँड आणि राउटरचे दिवे



हमीभावानें धान विकावयाचें तर शेतकऱ्याला आधीं ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीला मुदत असते. तिरोड्याच्या किंवा अर्जुनी-मोरगांवच्या एखाद्या घरीं सात-बाराचा उतारा पुढें मांडून मुलगा संगणकाशीं बसला आहे, अर्ज अर्धा भरून झाला आहे, आणि नेमकें त्याच वेळीं ब्रॉडबँड तुटतें. दोन मिनिटांनीं येतें, पुन्हां जातें. वडील मंडळी म्हणतात, "अरे, बटण बंद करून चालू कर!" आज या उपायाविषयींच मला थोडें बोलावयाचें आहे.

हा उपाय खोटा नाहीं. राउटर हा एक लहानसा संगणकच असल्यामुळें त्याच्या स्मरणांत गोंधळ झाला तर नव्यानें सुरू होतांच तो पुष्कळदां ताळ्यावर येतो. परंतु बटणाला हात लावण्यापूर्वीं त्याच्या तोंडावरचे दिवे पाहिले पाहिजेत. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. आपण मात्र रोगाची खूण आपल्याच हातानें पुसून टाकतों.

ज्या घरीं काचतंतूची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची, तार आली आहे तेथील यंत्रावर बहुधा 'पॉन' आणि 'एल. ओ. एस.' या नांवांचे दिवे असतात. पहिला हिरवा व स्थिर असला कीं तारेंतून प्रकाश नीट येत आहे असें समजावें. दुसरा तांबडा झाला तर प्रकाश पोहोंचतच नाहीं. मग बटण शंभर वेळां दाबून काय होणार? त्या तंतूचा प्रकाशवाही गाभा सुमारें 9 मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक असतो. कपाटामागें तार काटकोनांत मुडपली, दाराच्या फटींत चेपली किंवा उंदरानें कुरतडली कीं प्रकाश वाटेंतच सांडतो. जोडाच्या टोकाला बसलेली धूळही तेवढाच घात करते. तार सैल, मोठ्या वळणानें ठेवावी. पण सुटलेल्या टोकाला डोळा लावून पाहूं नये. तो प्रकाश दिसत नाहीं, इजा मात्र करूं शकतो.

कधीं सगळेच दिवे विझतात आणि पुन्हां लागतात. तेथें दोष विजेचा. वीज क्षणभर लुकलुकली, अथवा भिंतींतल्या खोबणींत अॅडॅप्टर सैल बसला, तरी राउटर मुळापासून सुरू होतो. अॅडॅप्टर जुना होऊन दुबळा झाला तरी हेंच घडतें. राउटरपुरता बॅटरीचा छोटा यूपीएस मिळतो. वीज वारंवार जाणाऱ्या गांवीं तो ठेवणें शहाणपणाचें.

उलट, दिवे सारे ठीक आणि फोन तेवढा तुटतो, असें झालें तर चोर घरांतच आहे. संगणक लॅनच्या तारेनें राउटरला जोडून पाहावा. तारेवर चालतें आणि हवेंतून चालत नाहीं, तर तो वायफायचा दोष. जाड मातीच्या भिंती आणि लोखंडी कपाट यांच्यामागें राउटर दडविला तर लहरी पडवीपर्यंत पोहोंचणार कशा? तो माजघरांत उंच, मोकळ्या जागीं असावा. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीला लवकर हार जाणाऱ्या. लांबच्या खोलीसाठीं 2.4 च बऱ्या.

आणखी एक साधन आहे, तें म्हणजे वही! तुटण्याची वेळ, दिव्यांचा रंग, पाऊस-वारा होता काय, एवढें आठवडाभर टिपावें. वाऱ्यानेंच तुटत असेल तर खांबावरची तार संशयास्पद. वैशाखांत दुपारींच तुटत असेल तर राउटर तापतो कीं काय तें पाहावें.

एका छिद्राशीं मात्र खेळूं नये. मागील बाजूस टांचणीएवढें 'रीसेट' असतें. तें धरून ठेवलें कीं वापरकर्त्याचें नांव, परवलीचा शब्द, सर्व मांडणी पुसली जाते. आणि नोंदणीची मुदत सायंकाळीं संपावयाची असली तर तंत्रज्ञ येईपर्यंत ती टळून जाते.

तक्रार करतांना 'नेट चालत नाहीं' एवढेंच सांगूं नये. वहींतील वेळा व दिवे सांगावे आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या विनियमांप्रमाणें तक्रार केंद्रानें दाद दिली नाहीं तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जातां येतें. तेथें हा क्रमांक लागतो. तंत्रज्ञ घरीं आला कीं त्याला प्रकाशमापक लावावयास सांगावें. घरगुती फायबरच्या नेहमींच्या व्यवस्थेंत आंकडा उणे 27 डीबीएमच्याही खालीं, उणे 28 किंवा 30 असा, उतरला तर दुखणें तारेचें आहे. तेव्हां कोणीं नवा राउटर घ्या म्हटलें, तरी आधीं तार दुरुस्त करून घ्यावी.