दुधावरची साय



मराठी घरात नातवंडाला ‘दुधावरची साय’ म्हणतात. संसाराचे दूध तापवता तापवता आईवडिलांना त्याची गोडी चाखण्याची सवड नसते. सायीचा मान आजी-आजोबांचा. मुलगा लहान असताना ज्या पित्याला दुकानातून उसंत मिळाली नाही, तोच पुढे नातवाचे बोट धरून मुंगीमागे मुंगी कशी चालते, हे पाहत अर्धा तास उभा राहतो. खांद्यावरचा भार उतरलेला असतो, माया तेवढी उरलेली असते.

परंतु हा आनंद केवळ रक्ताच्या नात्यातूनच लाभतो काय? अनुताई वाघ यांचे जीवन हेच या प्रश्नाचे उत्तर आहे. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि लगोलग वैधव्य आले. स्वतःचे मूल, स्वतःचा संसार त्यांच्या वाट्याला आला नाही. त्या शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्यासमवेत त्यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी बालकांमध्ये नेले.

तेथील मुलांना शाळेत येणे सहजशक्य नव्हते. कोणी गुरे राखी, कोणी धाकटे भावंड कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी. हजेरीपटावर गैरहजेरी मांडून स्वस्थ बसणे सोपे होते. या दोघींनी शाळाच मुलांकडे नेली. वस्तीच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे चरत त्या माळावर भरली ती कुरणशाळा. भावंड सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ‘विकासवाडी’त एकत्र आली. पाने, बिया, खडे, शंखशिंपले हीच तेथील शैक्षणिक साधने झाली. जिला एकही मूल नव्हते, तिचे अंगण मुलांनी भरून गेले.

यातील बोध आजी-आजोबांनाही तितकाच लागू आहे. बालकाजवळ आनंद असतोच. परंतु उंच आसनावर बसून तो मिळत नाही. त्यासाठी खाली, मुलाच्या शेजारी बसावे लागते. नातू भेटताच जे आजोबा केवळ गुण विचारतात, त्यांना आकडे मिळतात, नातू मिळत नाही. जे त्याच्या खेळाचे नियम त्याच्याकडूनच शिकून घेतात, त्यांच्या मांडीवर तो न बोलावता येऊन बसतो. वर्गातही याहून निराळे काय घडते?

मधल्या पिढीवरही एक जबाबदारी आहे. आज कित्येक घरांत नातवंडे परगावी वा परदेशी असतात. भेट होते ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. एकाच छपराखाली राहणारी मुलेही शाळा, शिकवणी आणि छंदवर्ग यांत दिवसभर धावत असतात. आजी वाट पाहते. रात्री नातीला झोप अनावर झालेली असते. या धावपळीत कोणाचाही दोष नसतो, तरीही हानी दोघींची होते.

सतत ढवळलेल्या दुधावर साय धरत नाही. तापलेले दूध उतरवून थोडा वेळ निवांत ठेवावे लागते. मुलांच्या दिवसातील अशी एक निवांत घटका आजी-आजोबांच्या आणि गुरुजनांच्या वाट्याला यावी. बालपण थोडे असते आणि वार्धक्याजवळचे दिवसही मोजकेच असतात. दोघांची गाठ पडते ती याच घटकेत. ती प्रत्येक घराने जपावी, हीच मंगल कामना.